ज्याचे पैसे, त्याचीच तपासणी

२०१४ च्या मार्च महिन्यात मी पुण्यातल्या एका कंपनीत पिवळ्या चौकटी पुसत होतो. इंजिनिअरिंग संपवून नोकरीला लागलो त्याला दोनच वर्षे झाली होती. आमची कंपनी ब्रिटनमधल्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. डॉक्टरने रुग्णाची फाइल उघडली की पडद्याच्या कोपऱ्यात एक पिवळी चौकट उघडायची. ‘या रुग्णाचा रक्तदाब वर्षभरात मोजलेला नाही.’ ‘या मधुमेही रुग्णाच्या पायांची तपासणी बाकी आहे.’ काम झाल्याची नोंद केली की चौकट जायची.

त्या एप्रिलपासून तिथले सरकार काही कामांचे पैसे बंद करणार होते. ज्या कामांचे पैसे बंद, त्यांच्या चौकटीही बंद. यादी माझ्याकडे आली आणि मी एकेक चौकट काढून टाकली. पायांची चौकट मात्र राहिली, कारण तिचे पैसे चालू होते.

त्याच वर्षी पावसाळ्यात इचलकरंजीला आमच्या घरी फरशीवर रक्ताचे ठसे दिसले. अम्मीने आधी विचारले, कोणाला काय लागले? अब्बांना लागले होते आणि ते त्यांना कळलेच नव्हते. चप्पलच्या पट्ट्याने बोटांपाशी जखम झाली होती आणि ती आत चरत गेली होती. अब्बांना मधुमेह होऊन नऊ वर्षे झाली होती. पायांची जाणीव कधीच कमी झाली होती. मिरजेला नेले, तेव्हा दोन बोटे काढावी लागली.

तिथल्या डॉक्टरांनी विचारले, “याआधी पाय कधी तपासले होते?” अब्बा म्हणाले, “पायाला काय झालं नव्हतं, मग कशाला तपासतील?” मी शेजारी उभा होतो. सात समुद्रापलीकडच्या मधुमेही माणसाचे पाय तपासले जावेत म्हणून पगार घेणारा मुलगा, आणि त्याच्याच बापाची चप्पल नऊ वर्षांत कोणी काढायला लावली नव्हती.

हे वाचून तुम्हाला वाटेल की आता आमच्या गल्लीतल्या डॉक्टरला दोष देणार. तसे करणे सोपे आहे, पण ते खरे होणार नाही. तो माणूस वाईट नव्हता. माझ्या बहिणीला फणफणून ताप आला तेव्हा रात्री दोन वाजता त्यांनी दार उघडले होते. यंत्रमाग बंद असताना त्यांनी गल्लीतल्या अर्ध्या घरांची उधारी लिहून ठेवली आणि मागितली नाही. मग एवढ्या भल्या माणसाने नऊ वर्षांत पाय का पाहिले नाहीत?

मी त्यांना जाऊन विचारले. ते रागावले नाहीत. म्हणाले, “अरे, मी दहा मिनिटं पाय बघत बसलो तर बाहेरची गर्दी समोरच्या दवाखान्यात जाते. आणि तुझे अब्बा यायचे तेच मुळी ‘डॉक्टर, सुई द्या, उद्या माग चालवायचाय’ म्हणत. नुसतं तपासून, चार गोष्टी सांगून पाठवलं असतं तर त्यांनी पैसे दिले असते का?”

या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असेच आहे. आपल्या मोहल्ल्यातल्या दवाखान्याचे गणित मांडून पाहा. नुसत्या तपासणीचे पैसे कमी, सुईचे जास्त, सलाईनचे त्याहून जास्त. पाय पाहणे, डोळ्यांच्या तपासणीची आठवण करणे, जेवणाबद्दल बोलणे याला वेळ लागतो आणि त्याचा भाव शून्य. डॉक्टर दिवसाला साठ-सत्तर रुग्ण पाहतो. जे काम विकले जाते ते वाढते, जे विकले जात नाही ते मागे पडते. यात कोणाची नियत वाईट असायची गरज नाही.

त्यावर कटचा थर आहे. लॅबला चिठ्ठी लिहिली की वाटा, स्कॅनला पाठवले की वाटा, मोठ्या रुग्णालयात रुग्ण पाठवला की वाटा. हे बेकायदा नाही असे नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत असे कमिशन घेणे-देणे स्पष्टपणे निषिद्ध आहे. २०१७ मध्ये मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयाने ‘डॉक्टरांना कमिशन नाही’ अशा अर्थाचा फलक लावला, तेव्हा डॉक्टरांच्याच संघटनांमध्ये मोठा वाद झाला. राज्य सरकारने माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदाही तयार झाला. तो मसुदाच राहिला. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की औषध कंपन्या डॉक्टरांना ज्या भेटवस्तू देतात, त्यांचा खर्च दाखवून त्यांना आयकरात सवलत घेता येणार नाही. त्या निकालात न्यायालयाने हेही नोंदवले की या ‘फुकट’ भेटींची किंमत शेवटी औषधाच्या दरातून रुग्णच भरतो.

म्हणजे आपल्याकडे डॉक्टरला पैशाचे आमिष नाही असे नाही. ते भरपूर आहे, फक्त ते आजार वाढण्याच्या बाजूने आहे. मग साहजिकच मनात येते की हेच आमिष उलटे फिरवले तर? चांगल्या उपचारालाच पैसे दिले तर?

ब्रिटनने नेमके हेच करून पाहिले. मी ज्या चौकटी लिहीत होतो, त्या याच प्रयोगाचा भाग होत्या.

तिथे प्रत्येक माणसाचे नाव एखाद्या फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात नोंदलेले असते. रुग्ण दवाखान्यात पैसे देत नाही. नोंदलेल्या माणसांच्या संख्येनुसार सरकार दवाखान्याला वर्षाची रक्कम देते. म्हणजे सुई दिली म्हणून जास्त आणि नाही दिली म्हणून कमी असे होत नाही. एप्रिल २००४ मध्ये या पायावर एक नवी योजना आली. उपचारांचे १४६ निकष ठरवले गेले आणि त्यांना मिळून १,०५० गुण. त्यातले ५५० गुण दहा आजारांच्या देखभालीसाठी होते आणि त्यातले ९९ एकट्या मधुमेहासाठी. एचबीएवनसी तपासली का, रक्तदाब आटोक्यात आहे का, डोळ्यांचा पडदा पाहिला का, पायांची नाडी आणि जाणीव तपासली का. जितके गुण, तितके पैसे. दवाखान्याच्या उत्पन्नाचा जवळपास चौथा हिस्सा या गुणांवर अवलंबून राहू लागला. फॅमिली डॉक्टरच्या कामाला गुणवत्तेनुसार पैसे देण्याचा एवढा मोठा प्रयोग तोवर जगात कुठे झाला नव्हता.

निकाल काय लागला? सरकारचा अंदाज होता की दवाखाने तीन चतुर्थांश गुण मिळवतील. इंग्लंडमधल्या दवाखान्यांनी पहिल्याच वर्षी सरासरी ९१ टक्के मिळवले.

यातले चांगले आधी सांगतो, कारण ते आपल्यासारख्या वस्तीत राहणाऱ्यांच्या कामाचे आहे. सुरुवातीला श्रीमंत भागातले दवाखाने गरीब भागातल्या दवाखान्यांच्या पुढे होते. २००८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार तीन वर्षांत हे अंतर ४ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. गरीब वस्तीतल्या मधुमेही माणसाचीही यादी झाली, त्याला बोलावणे गेले, त्याचे पाय पाहिले गेले. अब्बांच्या बोटांचा विचार करताना मला हा आकडा नेहमी आठवतो.

आता दुसरी बाजू. मँचेस्टरच्या संशोधकांनी ४२ दवाखान्यांमधल्या नोंदी १९९८ ते २००७ या काळात तपासल्या. त्यांना दिसले की उपचार योजनेआधीपासूनच सुधारत होते. योजना आल्यावर दमा आणि मधुमेहात सुधारणेचा वेग वाढला, पण लवकरच तो मंदावला. ज्या गोष्टींचे पैसे नव्हते, त्यांत दमा आणि हृदयविकाराच्या बाबतीत गुणवत्ता घसरली. आणि रुग्णाला आपला नेहमीचाच डॉक्टर भेटणे कमी झाले. २०१६ च्या आणखी एका अभ्यासात या योजनेमुळे लोकांच्या मृत्यूंचे प्रमाण लक्षणीय कमी झाल्याचे सापडले नाही. त्याच वर्षी स्कॉटलंडने ही योजना बंद केली.

आणि २०१४ मध्ये मी काढलेल्या त्या चौकटी? २०१८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये त्यांचा हिशोब आला. ज्या बारा निकषांचे पैसे बंद झाले, त्या सगळ्यांच्या नोंदी लगेच घसरल्या. सर्वात मोठी घसरण रुग्णाला सल्ला दिल्याच्या नोंदींमध्ये होती. आता विचार करा. डॉक्टरांनी सल्ला देणे सोडले, की आधीही ते सल्ला न देताच खूण करत होते, की सल्ला अजून देतात आणि फक्त खूण करत नाहीत? आकड्यांवरून हे नीट सांगता येत नाही. मी तो कोड लिहिला होता, आणि मलाही सांगता येत नाही.

त्या काळात फोनवरच्या बैठकीत तिथल्या एका डॉक्टरबाई आम्हाला म्हणाल्या होत्या, “रुग्ण रडत असतो आणि तुमची चौकट मला त्याच्या सिगारेटबद्दल विचारायला सांगते. माझ्याकडे दहाच मिनिटं असतात.” आम्ही ती तक्रार नोंदवली आणि चौकटीचा आकार थोडा लहान केला.

आमच्या धंद्यात हा रोग चांगलाच ओळखीचा आहे. एका वर्षी आमच्या टीमचे मूल्यमापन किती बग बंद केले यावर ठरले. पोरांनी काय केले? आपणच छोटे छोटे बग नोंदवायचे आणि आपणच बंद करायचे. तक्ता सुंदर दिसायचा. सॉफ्टवेअर होते तसेच. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनधोरणाबद्दल जे निरीक्षण मांडले, त्याचा सोपा अर्थ असा घेतला जातो: एखादे माप हेच लक्ष्य झाले की ते चांगले माप राहत नाही.

ब्रिटनमध्येच याचा एक मासला टीव्हीवर सगळ्यांनी पाहिला. फॅमिली डॉक्टरची भेट ४८ तासांत मिळालीच पाहिजे असे सरकारचे लक्ष्य होते, त्याला पैसेही जोडलेले होते. एप्रिल २००५ मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर बीबीसीच्या कार्यक्रमात एका बाईने पंतप्रधान टोनी ब्लेअर यांना सांगितले की तिला पुढच्या आठवड्याची वेळ हवी असूनही दवाखाना देत नाही, कारण ४८ तासांच्या पलीकडची वेळ दिली तर दवाखान्याचे लक्ष्य चुकते. ब्लेअर चकित झाले. लोकांना लवकर डॉक्टर भेटावा म्हणून केलेल्या नियमाने लोकांना आठवड्यानंतरची वेळ मिळेनाशी झाली होती.

मित्रांनो, मग या सगळ्यातून घ्यायचे काय?

काहीजण म्हणतील, पैशाने काही होत नाही, डॉक्टर नेक हवा. काहीजण म्हणतील, पैशाशिवाय काही होत नाही, गुण लावा. मला दोन्ही अर्धवट वाटते. ब्रिटनचा अनुभव सांगतो की पैसा वागणे बदलतो, आणि फार लवकर बदलतो. पण तो बोट दाखवलेल्या ठिकाणीच बदलतो. पाय तपासा म्हटले की पाय तपासले जातात. पण समोरचा माणूस का रडतोय ते विचारा, याचा निकष करता येत नाही. म्हणून डॉक्टरच्या उत्पन्नाचा मुख्य भाग असा हवा की त्याला घाई करून किंवा सुई देऊन काही जास्त मिळू नये. थोड्याच, अगदी मोजक्या गोष्टी मोजाव्यात. आणि त्या कमाईसाठी नव्हे, तर कोण राहून गेले हे कळण्यासाठी मोजाव्यात. ब्रिटनला जे खरे फळ मिळाले, त्यामागे गुणांच्या आधीपासूनची एक गोष्ट होती. प्रत्येक माणूस कोणाच्या तरी यादीत होता. अब्बा कोणाच्याच यादीत नव्हते. नऊ वर्षे ते दवाखान्यात जात होते, पण प्रत्येक वेळी नवे गिऱ्हाईक म्हणून.

आपल्याकडे महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, ती चांगलीच आहे. पण ती प्रामुख्याने रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे. बोट कापायची वेळ आली की सरकार आपल्याला ओळखते. बोट वाचवण्याच्या वेळी आपण आणि आपला खिसा. म्हणून महापालिकेच्या निवडणुकीत गटार आणि रस्त्यासोबत हाही प्रश्न विचारा: आमच्या प्रभागात पालिकेचा दवाखाना आहे का, तो संध्याकाळी माग सुटल्यावर उघडा असतो का, त्यात मधुमेह आणि रक्तदाबाच्या रुग्णांची यादी आहे का, जो आला नाही त्याला कोणी बोलावते का?

तोवर आपल्या हातात काय आहे? एक, घरातल्या प्रत्येक मधुमेही माणसाची एक वही करा. एचबीएवनसी, रक्तदाब, मूत्रपिंड, डोळे, पाय. कधी तपासले, काय निघाले. फोनमध्ये ठेवली तरी चालेल. पायांची जाणीव तपासायला लागतो तो दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा एक धागा. मोठी मशीन लागत नाही, डोळे मिटायला सांगून धागा टेकवायचा आणि विचारायचे, कळतंय का?

दोन, डॉक्टरला सांगा, “सुई नको, वेळ द्या. वेळेचे पैसे देतो.” आणि खरोखर द्या. आपण सुईला शंभर रुपये हसत देतो आणि सल्ल्याच्या पन्नासावर घासाघीस करतो. आमच्या डॉक्टरांनी मला विचारलेला प्रश्न आपल्या सगळ्यांना आहे.

तीन, राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत सतरा हक्क आहेत. औषध कुठून घ्यायचे आणि तपासणी कुठे करायची हे निवडण्याचा, दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्याचा, आपले कागद मिळण्याचा हक्क त्यात आहे. ‘याच लॅबमधून करा’ असे सांगितले तर नम्रपणे विचारा, “दुसरीकडून केले तर चालेल ना?” एवढ्या एका वाक्याने कटची साखळी सैल होते.

चौथी गोष्ट आपल्या स्वतःबद्दल आहे आणि ती जरा टोचणारी आहे. आपण मोहल्ल्यात आरोग्य शिबिरे घेतो. मीही घेतली आहेत. संध्याकाळी फोटो टाकतो आणि खाली लिहितो, इतक्या-इतक्या लोकांची तपासणी झाली. हा आपला निकष, आणि लाइक हे आपले गुण. शुगर तीनशे निघालेल्या चाचांचे पुढच्या महिन्यात काय झाले, हे आपण कधी लिहिले आहे का? ज्याची टाळी मिळते तेच आपणही करतो. मग डॉक्टरला कोणत्या तोंडाने बोलणार?

म्हणून या वर्षी एक शिबिर कमी घ्या. त्याऐवजी एका गल्लीतल्या पन्नास मधुमेही माणसांची यादी करा. गल्लीतल्याच एखाद्या डॉक्टरशी बोला, घराघरातून थोडी थोडी वर्गणी काढून त्यांना दरमहा ठरलेली रक्कम द्या. रुग्ण आला तरी तेवढीच, नाही आला तरी तेवढीच, सुईला वेगळे पैसे नाहीत. वर्षातून एकदा प्रत्येकाचे पाय आणि डोळे पाहिले गेले का, एवढेच मोजा. आणि त्या पन्नास जणांना विचारा, डॉक्टरांनी तुमचे ऐकून घेतले का? त्या उत्तराला गुण देऊ नका. फक्त ऐका.

आमच्या गल्लीत आम्ही हे याच महिन्यात सुरू केले आहे. अठ्ठावीस नावे झाली आहेत. डॉक्टर तेच आहेत, ज्यांनी रात्री दोनला दार उघडले होते. परवा अब्बा तपासणीला गेले. डॉक्टरांनी चप्पल काढायला सांगितली, धागा टेकवला आणि विचारले, “कळतंय का?” अब्बा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “डावीकडं नाही. उजवीकडं थोडं थोडं.”

उजवा पाय वाचवायला अजून वेळ आहे.